पिशवी पोहोचली, खांबेटे वाटेत

मुलुंडहून निघायचं, मनालीच्या वर सोलंगला जायचं, बर्फावरून लोक घसरतात तिथे उभं राहायचं आणि या सगळ्या प्रवासात एकाही टॅक्सीचं दार उघडायचं नाही, अशी घोषणा बाळ खांबेट्यांनी बोरिवलीला लेकीच्या घरी, तिसऱ्या पुरणपोळीवर तूप घेता घेता केली. आधी रेल्वे, मग मोठी बस, मग छोटी बस. सगळा मार्ग त्यांनी ताटातच चटणी, कोशिंबीर आणि लोणचं यांच्या जागा दाखवून समजावला.

जावई देवव्रत हसला. चंदीगडपासून सरळ गाडी करा, आईंचे हाल होतील, असं त्याचं म्हणणं. पण खांबेट्यांची चौतीस वर्षं मालाडच्या एका कंपनीच्या डिस्पॅच खात्यात गेलेली. गुवाहाटीपासून भुजपर्यंत त्यांनी हजारो खोकी धाडली होती आणि त्यातलं एकही हरवलं नव्हतं. खोक्याला जे जमतं ते माणसाला का जमू नये, एवढाच त्यांचा मुद्दा होता.

तेव्हा पैज लागली. खांबेटे टॅक्सी न करता पोहोचले, तर देवव्रतने वर्षभर मुलुंडला यायचं ते बसने. आणि वाटेत टॅक्सी केली, तर देवव्रतच्या गाडीत बसल्यावर खांबेट्यांनी रस्त्याबद्दल जन्मात एक शब्द काढायचा नाही. ही अट जबर होती. खांबेट्यांना गाडी चालवता येत नसे, पण शेजारी बसून ती चालवून घेण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. "गिअर बदल", "त्या रिक्षावाल्याचा भरवसा धरू नकोस", "मी सांगतो तिथून वळ" हे त्यांचं बोरिवलीपासून मुलुंडपर्यंत अखंड चाले. लेक अस्मिता तर कानाला हेडफोन लावूनच मागे बसायची.

खांबेट्यांच्या पत्नी क्षमाताईंना पैजेशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांनी तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला होता. हिमनदी कशी सरकते, बर्फाचे थर कसे बसतात, हे त्यांनी फळ्यावर इतक्या वेळा काढलं होतं की झोपेतही काढलं असतं. स्वतः मात्र बर्फ पाहिला होता तो फ्रीजमधला. निवृत्त झाल्यावर त्यांनी नवऱ्याकडे एकच गोष्ट मागितली होती, आणि खांबेट्यांना ती मनापासून पुरवायची होती.

निघायच्या आदल्या दिवशी खांबेट्यांनी सवयीप्रमाणे सामानाच्या प्रत्येक डागाला लेबल लावलं. 'खांबेटे, मुलुंड ते सोलंग' आणि खाली देवव्रतचा नंबर. आपण हरवलो तर आपले फोनही आपल्याबरोबर हरवणार, म्हणून नंबर घरी असलेल्या माणसाचाच हवा, हा डिस्पॅचचा जुना नियम.

वांद्रे टर्मिनसहून चंदीगड झकास झालं. तिथून मनालीची बसही वेळेवर मिळाली. संध्याकाळी उतरले तेव्हा अंधार पडला होता आणि रस्त्याच्या कडेला चिखलात कालवलेले बर्फाचे ढीग तेवढे दिसत होते. क्षमाताईंनी तिकडे पाहायचंच नाकारलं. पहिला बर्फ पाहायचा तो सोलंगला, स्वच्छ, उन्हात. खांबेट्यांनी देवव्रतला मेसेज टाकला, "एकच बस उरली. बसचे नंबर पाठ करायला घे."

सकाळी ते दोघं स्टँडवर उभे राहिले. थंडी अशी की क्षमाताईंनी तोंडापर्यंत ओढलेल्या माकडटोपीतून वाफ वर यायची आणि चष्मा आंधळा व्हायचा. त्यांचा नंबर होता उणे नऊ. पुसून पुसून त्या कंटाळल्या.

"दे इकडे," खांबेटे म्हणाले. "पडेलबिडेल. पिशवीत ठेवतो."

थालीपिठांच्या डब्याशेजारी चष्म्याचं घर गेलं. तेवढ्यात सोलंगची बस आली आणि स्टँडवरची सगळी गर्दी तिच्या दाराकडे लोटली. आता खांबेट्यांचं लहानपण चिपळूणच्या एसटी स्टँडवर गेलेलं. बस आली की दाराशी कोण जातं? खिडकीतून रुमाल टाकायचा, टोपी टाकायची, काही नसेल तर धाकटा भाऊ टाकायचा. वस्तू सीटवर पडली की जागा आपली, मग कंडक्टर कंट्रोलरच्या खिडकीवर जाऊन येईपर्यंत निवांत चहा घ्यायचा. खांबेट्यांनी एका बंद काचेवर टकटक केलं. आतल्या म्हातारबाईने काच सरकवली. खांबेट्यांनी पिशवी आत दिली, दोन बोटं दाखवली, आणि विजयी मुद्रेने चहाच्या टपरीकडे वळले.

"दोन जागा धरल्यात," त्यांनी क्षमाताईंना सांगितलं. "खिडकीची तुझी."

चहाचा पहिला घोट घशाखाली उतरायच्या आत बस निघून गेली होती. इथे कंट्रोलरची खिडकी नव्हती. माणसं चढली, घंटी वाजली, बस गेली, इतका साधा कारभार होता. पुढची बस तासाभराने.

क्षमाताई चिडल्या नाहीत, तेच वाईट झालं. त्या नुसत्याच डोंगरांच्या दिशेला डोळे बारीक करून पाहत राहिल्या. "असू दे हो," त्या म्हणाल्या. "पांढरं पांढरं दिसतंय की. तुम्ही मला सांगा काय काय आहे ते."

खांबेट्यांना भरून आलं. या बाईने तीस वर्षं दुसऱ्यांच्या पोरांना बर्फ दाखवला आणि आता तिला बर्फ कुणीतरी सांगायचा? दुसरा चष्मा मुलुंडला कपाटात होता. बस सोलंगहून पुढे कुठे गेली, पिशवी कुणी उचलली, तर काय? समोर टॅक्सी उभी होती. खांबेट्यांनी डोळे मिटले आणि दार उघडलं.

"ती बस पकडा," ते ड्रायव्हरला हिंदीत म्हणाले. बस काही पकडता आली नाही, कारण गावाबाहेर गाड्यांची रांग लागली आणि बस त्या रांगेच्या कधीच पुढे गेली होती. खांबेटे सवयीने "डावीकडून काढ" म्हणायला गेले आणि देवव्रतच्या गाडीत आता हे कायमचं बंद, हे आठवून त्यांनी जीभ चावली. इतक्यात फोन वाजला. देवव्रत.

"बाबा, एका कंडक्टरचा फोन होता. तुमची पिशवी सोलंगला पोहोचली. रोपवेच्या तिकीटखिडकीवर ठेवलीय. एक आजी सबंध वाटभर शेजारच्या सीटवर कुणाला बसू देत नव्हत्या म्हणे. तुम्ही कुठे आहात?"

खांबेट्यांनी घाईने फोनवर हात धरला. पण ड्रायव्हरने नेमका तेव्हाच हॉर्न वाजवला, काच खाली घेतली आणि पुढच्या टॅक्सीवाल्याला टॅक्सी बाजूला घ्यायला ओरडून सांगितलं.

"कळलं," देवव्रत म्हणाला.

सोलंगला पिशवी खिडकीवर ऐटीत बसली होती. खांबेट्यांनी पिशवीतून चष्मा काढला, स्वतःच्या मफलरने पुसला आणि क्षमाताईंच्या डोळ्यांवर चढवला. त्या पाहत राहिल्या. समोरच्या उतारावर लोक घसरत होते, पडत होते, हसत होते, पण त्यांची नजर त्याच्याही वर, डोंगराच्या कडेला लागली होती.

"ते बघा थर," त्या म्हणाल्या. "मी काढायची ना, अगदी तस्सेच आहेत." आणि त्या रडायला लागल्या. खांबेट्यांना आपण हरलोय याची त्या क्षणी आठवणसुद्धा राहिली नाही. मग दोघांनी बर्फात उभं राहून गारढोण थालीपीठ खाल्लं.

आठवड्याने वांद्रे टर्मिनसवर देवव्रत गाडी घेऊन हजर होता. खांबेटे पिशवी मांडीवर घेऊन मुकाट पुढे बसले. मुलुंडकडे नेणारं जोगेश्वरीचं वळण आलं. देवव्रत बोलण्याच्या नादात होता. वळण गेलं. खांबेट्यांनी पिशवीचे बंद घट्ट धरले. मागून क्षमाताईंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. गाडी गोरेगावला वळून आरे कॉलनीत शिरली, गोठे गेले, झाडं दाटली आणि एका फाट्यावर देवव्रतने ब्रेक लावला. मोबाईलला रेंज नव्हती.

"बाबा," तो खालच्या आवाजात म्हणाला, "मुलुंडला इथून डावीकडे की उजवीकडे?"

खांबेट्यांनी मांडीवरची पिशवी उचलून अलगद त्याच्यापुढे धरली.

"हिला विचार. ती एकटी पोहोचते."