नानांच्या पिशवीतलं ताट

आमचे सुपडूनाना कुठेही जाताना पिशवीत स्वतःचं ताट घेऊन जातात. बँकेत, लग्नात, अगदी दाढी करायलासुद्धा. ताट स्टीलचं, कडेला पोचा आलेलं, आणि त्यात एक वाटी सैल सोडलेली. त्यामुळे नाना गल्लीत वळले की आधी खणखणाट येतो, मागून नाना. "कोन कव्हय जेवाले बसाडी, काय सांगता येस?" हे त्यांचं स्पष्टीकरण.

नाना मूळचे शिरपूरकडचे. जन्म वायरमनकीत, म्हणजे खांबावर गेला. आता निवृत्त होऊन जळगावात आमच्या घरापासून तिसऱ्या घरात राहतात. भेटेल त्याला पहिला प्रश्न, "जेवनात का?" एकदा कर्ज हवंय का म्हणून विचारायला कुठल्याशा मुलीचा फोन आला. नानांनी तिलाही हेच विचारलं. ती चुकून "नाही" म्हणाली आणि वीस मिनिटं बोलणी खाल्ली. आता दुपारी कधी कधी तिचा आपणहून फोन येतो, "जेवले बरं का, नाना."

दर रविवारी ऋतुजा आणि तिचे कॉलेजचे सातआठ दोस्त सरकारी दवाखान्याबाहेर, पेशंटसोबत आलेल्या माणसांना भरीत आणि कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी देतात. नाना त्यांच्यातले एक. ऋतुजा माझी जुनी विद्यार्थिनी. तिच्यासमोर मी एकदा "आजची पिढी नुसती मोबाईलमध्ये" असं बोलून बसलो. ती गोड हसली. "मग रविवारी सातला या, सर."

गेलो. वांगी भाजायचं काम मिळालं. पऱ्हाट्यांचा, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्यांचा, जाळ झकास पेटला होता. मी आख्खी वांगी त्यावर मांडली आणि भूगोलाच्या शिक्षकाला शोभेल अशा गांभीर्याने बघत उभा राहिलो. थोड्याच वेळात पहिलं वांगं फुटलं. दुसरं माझ्या चष्म्यावर आलं. दवाखान्याचा वॉचमन काठी घेऊन धावला.

"वांगं शे का सुतळी बॉम्ब?" नाना पोट धरून हसत होते. "त्याले आधी टोचनं पडस, सर!"

त्या दिवशी मुलांनी मला जाळापासून लांब नेऊन दोन खाती दिली: मीठ आणि नियोजन. नियोजनखात्याच्या माणसाला नियम केल्याशिवाय झोप येत नाही. माझ्या लक्षात आलं, की वाढून झालं की नाना आपलं ताट काढतात, रांगेतल्या कुणाशेजारी तरी बसतात आणि चक्क जेवतात. वर मिरची मागतात. मी ग्रुपवर टाकलं: 'स्वयंसेवकांनी तिथे जेवू नये.' नानांनी अंगठा पाठवला. पुढच्या रविवारी ते आलेच नाहीत.

त्याच रविवारी पिंपळनेरच्या एक बाई पायरीवर बसल्या होत्या. मुलाचं ऑपरेशन चालू होतं. ऋतुजाने पत्रावळ पुढे केली.

"माले नको, माय. तो बाहेर येऊ दे, मंग खासू."

कालपासून त्यांच्या पोटात काही नव्हतं. मी पुढे झालो आणि उपाशी राहिल्याने शरीरावर होणारे परिणाम समजावून सांगितले. बाईंनी तोंड फिरवलं.

"सर," ऋतुजा मला बाजूला घेऊन म्हणाली, "दर रविवारी अशी न जेवणारी दोघंतिघं असतातच. नाना त्यांच्याशेजारी बसून जेवायचे. मग तीही जेवायची."

"हे मला आधी का नाही सांगितलंस?"

"तुम्ही विचारलं कुठे? नियम तुमचा. घेऊन या आता."

मी स्कूटर काढली. नानांचं दार उघडंच होतं. नाना ओट्याशी उभे राहून कोरडी भाकरी चटणीशी खात होते. ताटाची पिशवी खिळ्याला. फडताळात एकच वांगं, सुरकुतलेलं.

"भरीत नाही केलं, नाना?"

"एकलासाठे कोन काड्या पेटाडस, सर? तुमनी काकू गयी तधयपाईन घरमा भूकच लागत नही. तठे लागस."

वाटेत मी माफीचं चांगलं भाषण रचलं होतं. ते तसंच राहू दिलं. मी खिळ्यावरची पिशवी काढून त्यांच्या हातात दिली. दवाखान्यापर्यंत मागच्या सीटवर वाटी खणखणत होती.

नाना बाईंशेजारी पायरीवर टेकले. "माय, तू खाऊ नको. पन एकलानं माले घास उतरत नही. बठ जराशी मना जोडे."

बाई बसून राहिल्या. नानांनी दोन घास खाल्ले आणि तोंड वाकडं केलं. बाईंनी बघितलं. मग त्यांच्या ताटातलं बोटभर भरीत चाखलं.

"मीठ कमी शे," त्या म्हणाल्या. खात्री करायला अजून थोडं घेतलं. मग भाकरीचा तुकडा मोडला. माझ्या मीठखात्याचं सार्थक झालं.

त्यांची भाकरी संपत आली होती तेवढ्यात सिस्टर सांगत आली, की मुलाला बाहेर आणलंय, पाणी मागतोय. बाई पदर सावरत धावल्या. सिस्टरला नानांनी विचारलं, "जेवनात का?"

मी मिठाचा डबा धरून उभाच होतो.

"सर, तुम्ही जेवनात का?"

"नाना, नियम..." मी पुटपुटलो. "आणि माझ्याकडे ताटही नाही."

नानांनी ती सैल वाटी भरिताने भरून पुढे केली. मी घेतली. रिकामी झाल्यावर पुसायला उलटी केली, तर बुडाशी कोरलेलं होतं: सौ. सुमन.

"धुई ठेवू नका, सर," नाना भरिताचा डाव उचलत म्हणाले. "आखो भरस."