रेड पडली

अंबडच्या त्या नटबोल्टच्या कारखान्यात कॉम्प्युटर म्हणजे प्रफुल्ल, असं समीकरण होतं. मग तेजल आली. तिने लिनक्सच्या सर्वरला दोन डिस्क जोडल्या आणि नुसत्या कमांड्स देऊन त्यांची रेड बांधली. म्हणजे एकीवर जे लिहिलं जाईल ते दुसरीवरही. एक गेली तरी काम थांबत नाही. मालक कुंदनशेठ सगळ्यांसमोर म्हणाले, "पोरगी हुशार आहे. सर्वर हिच्याकडेच द्यावा म्हणतो." तेव्हापासून प्रफुल्लच्या पोटात जे दुखायला लागलं, ते ओव्यानेही थांबेना.

शेठ इगतपुरीला भाच्याच्या साखरपुड्याला गेले. तेजल हात धुवायला उठली, तेवढ्यात प्रफुल्लने एका डिस्कची केबल हळूच उपटली. सर्वर मख्खासारखा चालूच राहिला. स्क्रीनवर फक्त इशारा आला, पण जळक्या माणसाला तेवढंही पुरतं. त्याने बाहेर जाऊन फोन लावला.

"शेठ, रेड पडली!"

पलीकडे नुसताच बँड ऐकू आला. मग शेठ कुजबुजले, "किती आहेत?"

"दोन होत्या. एक गेली."

"आणि दुसरी?"

"ती एकटीच सगळं ओढतेय."

"तिला दुखवू नको! एसी वाढव. चहा दे, मिसळ मागव. मी निघालोच!"

प्रफुल्ल थक्क झाला. रेड पडली तेजलची आणि वर मिसळही तेजललाच! पण शेठचा हुकूम. त्याने कडू तोंडाने प्लेट तिच्यासमोर आदळली.

शेठ फेट्यासकट धापा टाकत आत शिरले. "धाडवाले कुठंयत?"

"कोण धाडवाले?" तेजलने पाव खाली ठेवला.

उलगडा झाला तसे शेठ मटकन खुर्चीत बसले. "अरे, मी वाटेत कालिकामातेला नवस बोललो! पण पडली कशी ही तुमची रेड?"

तेजलने लोंबणारी केबल पाहिली, मग प्रफुल्लकडे पाहिलं.

"मीच प्रफुल्लदादांना म्हटलं होतं, एकदा केबल काढून बघा. बघा ना शेठ, काम कुठं थांबलंय?"

तिने वाचवलं, हे त्याला सगळ्यात जास्त झोंबलं.

"वा!" शेठचा जीव भांड्यात पडला. "सर्वर तुझ्याकडे. आणि प्रफुल्ल, गिऱ्हाईक आलं की तू असंच करून दाखवायचं."

आता प्रफुल्ल केबल उपटतो आणि पाहुणे तेजलसाठी टाळ्या वाजवतात. परवा तर एकाने त्याला जरा बाजूला सरकायला सांगितलं. फोटोत मॅडम नीट येत नव्हत्या.