भिवराबाईने मंत्री धरला

एका जंगलात शिंकांची साथ आली, मुलांनो. आधी माकडं शिंकली, मग हरणं शिंकली. पण साथ जाहीर झाली ती सिंहमहाराज शिंकले तेव्हाच.

लगेच आरोग्यमंत्री कोल्होबांनी फर्मान काढलं. कुणी कुणाला शिवायचं नाही. खाणं ओढ्याकाठच्या रांगेतच मिळेल. शिवाशिव झाली, तर दोघांनाही चौदा दिवस गुहेत कोंडलं जाईल.

त्याच जंगलात भिवराबाई नावाची आंधळी घोरपड राहायची. शेजारच्या नामाजी सशाच्या पाठीवर पंजा ठेवून ती सगळीकडे हिंडायची.

आता नामाजी बिळाबाहेरूनच बोलला, "भिवराबाई, मला नाही येता यायचं. गुहेत टाकलं तर माझी नऊ पोरं कोण बघणार?"

"अरे, मग मी रांगेत जाऊ कशी?"

"ते फर्मानात नाही लिहिलेलं."

दोन दिवस तिने बिळातल्या मुंग्यांवर काढले. मुंग्या संपल्या. तिसऱ्या दिवशी ती एकटीच निघाली. काट्यांत शिरली, खड्ड्यात पडली, पण पाण्याच्या आवाजाच्या रोखाने ओढ्यावर पोचली.

"ए बाई, वर्तुळात उभी राहा!" पहाऱ्यावरचा लांडगा खेकसला.

"कुठलं वर्तुळ?"

"ते काय, पिवळं!"

"पिवळ्याला वास कसला येतो, दादा?"

लांडगा गडबडला. "तुमच्यासारख्यांची वेगळी सोय आहे. कड्यावर पाटी लावलीय. जा, वाचून या."

रांग खो खो हसली. भिवराबाईचं डोकंच फिरलं.

तेवढ्यात कोल्होबा पाहणीला आले. लांबूनच म्हणाले, "दिव्यांगांची आम्हाला फार काळजी आहे!"

"कोण बोललं ते?"

"मी, आरोग्यमंत्री."

भिवराबाई आवाजावर झेपावली आणि मंत्र्यांची शेपूट धरून बसली. घोरपडीची पकड ती! लांडगे सोडवायला धावले आणि जागीच थबकले. शिवायचं नव्हतं ना!

नियम म्हणजे नियम. दोघं गुहेत गेली.

पण गुहेत मंत्री होते, म्हणून खाणं दारात येऊ लागलं. तेही तीन वेळा, अंड्यांसकट. आत मात्र काळोख. कोल्होबांचं डोकं चार वेळा आपटलं. शेवटी भिवराबाईच त्यांना पाण्यापर्यंत नेऊ लागली.

एकदा ते हळूच म्हणाले, "तुमचं रोज असंच असतं?"

"छे! रोज अंडी कुठली?"

पंधराव्या दिवशी कोल्होबा बाहेर आले. त्यांचं मन हेलावलं होतं. त्यांनी तिथल्या तिथे फर्मान सुधारलं: 'गुहेत असलेल्या मंत्र्यांना सोबतीला एक घोरपड धरता येईल.'

"आणि आम्हाला ससा?" भिवराबाईने विचारलं.

"विचाराधीन आहे," कोल्होबा म्हणाले.

ही बातमी जंगलभर झाली. दुसऱ्या दिवशी तीन पायांचं हरीण आणि बहिरं घुबड ओढ्यावर हजर झाली. त्यांनी खाणं मागितलं नाही. लांडग्याला एवढंच विचारलं, "मंत्री पुन्हा पाहणीला कधी येणार?"

तात्पर्य: साथीच्या दिवसांत सर्वांपासून अंतर ठेवावे. ज्याचे जेवण दारात येते, त्याला मात्र घट्ट धरावे.