पोचल्याचा सांगावा

आमच्या रंगामामाच्या घरात गेल्या पाच वर्षांत केर काढलेला नाही.

हे मी कुणाला सांगितलं की समोरचा आधी हसतो आणि मग हळूच विचारतो, "एकटेच असतात का?" म्हणजे त्याला वाटतं, म्हातारा आळशी असणार. तसं अजिबात नाही. मामा पहाटे उठतो. भांडी अशी घासतो की त्यात तोंड बघून दाढी करावी. कपड्यांना नीळ घालतो, अंगण झाडतो, सडा टाकतो. फक्त उंबऱ्याच्या आत झाडू जात नाही. आत पलंगापासून गॅसपर्यंत आणि गॅसपासून मोरीपर्यंत धुळीत चक्क पाऊलवाटा पडल्यात. आपण जरा वाटेबाहेर पाय टाकला की मामा हटकतो, "वाटंनं चाल की बाळ्या. रान हाय का ते?"

माझी बायको शोभा त्या घरात पदर नाकाला लावूनच बसते. पण मामाचा उपयोग तिला आमच्या घरी फार होतो. मी मोजे सोफ्याखाली टाकले की ती कमरेवर हात ठेवून विचारते, "तुमचं कोण शनीला गेलंय का? नाही ना? मग उचला."

मामाचं गेलंय. त्याची एकुलती एक लेक वैशाली शनीला गेली आहे.

तसं माणसांनी वरती जाण्याचं आता कुणाला नवल राहिलेलं नाही. आमच्या आळीतल्या एकाची चंद्रावर बदली झाली, तेव्हा लोकांनी घरभाडं कोण देणार एवढंच विचारलं. मंगळावर वस्ती झाली, तिथं आता भांडणंही सुरू झाली आहेत म्हणतात, म्हणजे माणसं चांगली रुळली म्हणायची. पण शनी लांब. शनीच्या एका चंद्रावर राहायला जाणारं ते पहिलंच यान, आणि त्यात भाजीपाला पिकवायला कोण, तर इंदापूर तालुक्यातल्या शेळगावची वैशू. प्रवास साडेसात वर्षांचा. शेळगावच्या पारावर त्याचा अर्थ लगेच लागला. एक म्हातारा मामाला म्हणाला, "तात्या, लोकाच्या मागं साडेसाती लागती. तुझी पोरगी साडेसातीच्या मागं लागली की रं."

मामा म्हणाला, "मंग शनीनं बघून घ्यावं आता."

केराचं मूळ मात्र वैशूच्याही आधीचं, मामीपाशी आहे.

मामा वालचंदनगरला कारखान्यात फिटर होता. त्याच्या तोंडी कायम एक वाक्य असायचं, "एक सूत इकडं न्हाय, एक सूत तिकडं न्हाय." यंत्राचा भाग असो नाहीतर भिंतीवरचं कॅलेंडर, सगळं सुतात. लहानपणी सुट्टीला आम्ही त्याच्या क्वार्टरमध्ये जायचो, तेव्हा चपला दाराबाहेर अशा लावाव्या लागत की परेड असावी. मी कायम चुकायचो. पाहुणे निघाले की मामा झाडू घेऊन तयारच असे. आणि तिथंच मामीशी त्याचं वाजायचं.

माणूस गावाला निघालं की पाठोपाठ केर काढू नये, हे घरोघरी पाळतात. पाठीमागं झाडलं म्हणजे त्याला झाडून बाहेर काढल्यासारखं होतं. मामीनं हा नियम आणखी ताणला होता. माणूस पोचल्याचा सांगावा आल्याशिवाय ती झाडूला हात लावू देत नसे. तेव्हा घरोघरी फोन नव्हते. आम्ही बारामतीला उतरलो की आई परतीच्या एसटीच्या कंडक्टरला सांगायची, कंडक्टर वालचंदनगरच्या स्टँडवरच्या पानवाल्याला सांगायचा, आणि पानवाल्याचा निरोप येईपर्यंत मामा झाडू हातात धरून दारात उभा. "आगं, पोरं पोचून, जेवून, झोपली पण असतील. केर हितं वाट बघतोय."

मामी म्हणायची, "बघू द्या. केराला कुठं गावाला जायाचंय."

मामा रिटायर होऊन शेळगावला आला आणि वर्षभरात मामी गेली. त्यानंतर मामा रोज दोन वेळा झाडायला लागला. पाहुणा उठला की त्याच्या बुडाखालची सतरंजी झटकायचा. अडवणारं कुणी नव्हतं.

वैशू निघाली त्या दिवशी मी तिथं होतो. माझ्या आईनं तिच्या हातावर दही घातलं. ती मामाच्या पाया पडली. मामानं तिच्या बॅगेची चेन तीनतीनदा उघडून लावून बघितली आणि म्हणाला, "गुळगुळीत चालती. एक सूत अडत न्हाय." बापलेकीचं निरोपाचं बोलणं ते एवढंच. गावातल्या सलीमची जीप तिला पुण्याच्या विमानतळावर न्यायला आली होती. जीप वळणाआड गेली, मामा आत आला, सवयीनं त्याचा हात कोपऱ्यातल्या झाडूकडं गेला. उचलला, आणि तसाच थांबला. मग त्यानं झाडू खुंटीला टांगला.

मी म्हणालो, "मामा, साडेसात वर्षं आहेत."

"मंग?" मामा म्हणाला. "पोचली की झाडीन."

मला वाटलं चार दिवसांचं खूळ असेल. महिन्यानं सलीमनं तोडगाही काढला. "तात्या, पुण्यापर्यंत तर मी सुखरूप पोचवली. तेवढ्यापुरती एक खोली तरी झाडा."

मामानं त्यावर प्रामाणिकपणे विचार केला आणि नाही म्हणाला.

सुरुवातीला वैशूशी बोलणं झकास व्हायचं. मग यान लांब जाईल तसा निरोप जायला आणि यायला वेळ लागायला लागला. मामानं "जेवलीस का" विचारायचं, भेंडी तोडायला जायचं, भेंडी गाडीत भरून घरी यायचं, तेव्हा कुठं तिचं उत्तर येऊन पडलेलं असायचं, "जेवले. तुमी?" मग मामा मोठ्यानं सांगायचा, "व्हय, जेवलो," आणि ते कुठल्या जेवणाबद्दल आहे याचा दोन्हीकडं मेळ नसायचा. पण दोघंही जेवत आहेत एवढं कळायचं.

ती यानात मातीशिवाय मेथी-कोथिंबीर पिकवायची. मामाला ते पटायचं नाही. एकदा तिचा निरोप आला तेव्हा मी तिथंच होतो. ती म्हणत होती, "अप्पा, मेथी लई भारी आलीया. पण उपटली तर हाताला कायच लागत न्हाय बघा. हितं माती न्हाय, धूळ न्हाय. नखं कशी कोरी."

मामा फोन तोंडाजवळ धरून म्हणाला, "धुळीची काळजी करू नगं. तुझ्या वाटणीची हितं राखून ठिवलीया."

मी हसलो. शोभाही हसली, पदराआडून.

गेल्या वर्षी यान गप्प झालं.

मोहिमेच्या कचेरीतून दोघं जण शेळगावला आले, एक साहेब आणि एक तरुण मुलगी. आई आणि मी बारामतीहून गेलो होतो. साहेब बुटासकट धुळीत उतरले, तसं मामानं त्यांनाही वाटेनं चालायला लावलं. ते खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "काका, यानाशी आमचा संपर्क तुटलाय."

"म्हंजी पोचली न्हाय."

"पोचायला तसा अजून अवधी होता. पण आता…"

"मंग रस्त्यात हाय."

साहेबांनी त्या मुलीकडं पाहिलं. ती म्हणाली, "काका, आम्ही फार आशा ठेवू नका असं सांगायला आलोय."

मामानं चहा केला. कप सुतात मांडले. दोघं निघाले तेव्हा त्या मुलीला म्हणाला, "पुण्याला पोचलीस की फोन कर, पोरी." संध्याकाळी खरंच तिचा फोन आला. "पोचले, काका," एवढंच म्हणाली. मामाच तिला म्हणत होता, "बरं झालं. हात-पाय धू, जेव."

पुढं महिने गेले. काहीच आलं नाही. मग भावकीत कुजबुज सुरू झाली, की पोरीचं दिवसकार्य करायला हवं. आणि कार्य म्हणजे आधी घर झाडून, धुऊन, गोमूत्र शिंपडून घ्यायला हवं. हे मामाला कोण सांगणार? सगळ्यांनी मोठ्या बहिणीकडं, म्हणजे आईकडं बघितलं.

आई नवा झाडू घेऊन शेळगावला गेली. मी सोबत होतो, पण आतल्या पाऊलवाटेवरून पुढं सरकलो नाही. अशा वेळी मी कायम दाराजवळ बरा असतो.

आई म्हणाली, "रंगा, किती दिस असं? लेकराला वाट मिळाय नगं का?"

मामा पलंगावर बसला होता. म्हणाला, "आक्का, ती वाटंतच हाय."

"अरं, पण…"

"तुजी भावजय असती तर तिनं झाडू दिलं असतं का? तू सांग. तुमी पोचल्याचा सांगावा याय सांज व्हायाची. मी रोज भांडायचो तिच्याशी. एक डाव तरी तिनं ऐकलं का?"

आईनं झाडू उंबऱ्याबाहेर भिंतीला टेकवून ठेवला आणि त्या पाऊलवाटेनं जाऊन मामाशेजारी बसली. दिवसकार्याचा विषय त्या घरात पुन्हा निघाला नाही.

या उन्हाळ्यात मामाच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, बारामतीत. मामा आमच्याकडं राहिला. डॉक्टरांनी बजावलं, "आजोबा, धुळीपासून जपायचं. घर स्वच्छ हवं."

मामा म्हणाला, "घरातली धूळ बसलेली हाय, डॉक्टर. ती कुणाच्या डोळ्यात जात न्हाय. झाडली तर उडंल."

डॉक्टरांनी माझ्याकडं पाहिलं. मी भिंतीवरच्या डोळ्याच्या चित्राकडं पाहिलं.

आमच्या घरी मात्र मामाची पाच वर्षांची हौस बाहेर पडली. डोळ्याला काळा गॉगल आणि हातात झाडू, असा तो आमचं घर झाडत सुटला. शोभा पाया पडून सांगायची, मामा, धूळ, डोळा. तो ऐकायचा नाही. कपाटामागून माझी हरवलेली तीन पेनं आणि एक मोजा निघाला. तो मोजा शोभानं मला जेवताना दाखवला. सकाळ-संध्याकाळ मामा झाडत होता आणि झाडताना काहीतरी गुणगुणत होता. लग्न झाल्यापासून आपल्याला झाडूपासून एवढी सुट्टी कधी मिळाली नव्हती, असं शोभा म्हणाली.

परवा मामा परत निघाला. मी गाडीनं सोडतो म्हणालो, तर नको म्हणाला, इंदापूर एसटी दारात थांबती. मी त्याला स्टँडवर बसवून घरी आलो. मामाच्या खोलीत गादीवर शेंगांची टरफलं होती, कापूस होता, औषधाची पाकिटं होती. शोभानं झाडू उचलला. आणि थांबली. मग तो तिनं दारामागं टांगला आणि पोळ्या लाटायला गेली.

मी सोफ्यावर पाय वर घेऊन बसलो.

मामाचे फोन यायला लागले. पहिला लासुर्ण्याहून, "बसायला जागा हाय." मग पुढच्या जंक्शन गावाहून. मग अंथुर्ण्याहून, "आता आलंच." शोभा हाताला पीठ तसंच ठेवून प्रत्येक फोन घेत होती. मग बराच वेळ काही नाही. तिनं दोनदा घड्याळाकडं पाहिलं, मला म्हणाली, "एवढा वेळ का लागावा?" अंथुर्णे ते शेळगाव म्हणजे काही शनी नव्हे. पण मलाही सोफ्यावर बसवेना.

शेवटी फोन वाजला. शोभानं तो मला ऐकू यावा म्हणून स्पीकरवर टाकला.

"पोचलो बरं का, पोरी. उंबऱ्यात हाय."

"बरं झालं, मामा."

"झाडलंस का न्हाय अजून?"

"नाही," शोभा म्हणाली. "तुमच्या फोनची वाट बघत होते."

शोभानं फोन कानाला लावून बघितला, की लाईन गेली की काय.

"मंग झाड आता," मामा म्हणाला. "आन एक कर. फोन बंद करू नगं. खाली ठिव, तुझ्याजवळ. माणूस पोचल्यावर झाडत्यात त्याचा आवाज ऐकून लई दिस झालं."

शोभानं फोन फरशीवर ठेवला, पदर खोचला आणि दारामागचा झाडू घेतला. मामाच्या खोलीपासून सुरुवात केली, मग पुढची खोली, मग स्वयंपाकघर. फोन ती पायानं नव्हे, दरवेळी वाकून हातानं पुढं सरकवत होती. पलीकडून कसलाही आवाज नव्हता, पण लाईन चालू होती.

आमचं घर तसं लहान आहे. पण ती कितीतरी वेळ झाडत होती.