बारा घोडे पाहिजेत

"साहेब, ही इमारत मुळात कशासाठी बांधली होती?"

मैत्रिणींनी पैज लावली, म्हणून मी भर सभेत हे विचारलं. आमच्या अभ्यासिकेवर 'ऐतिहासिक वास्तू' अशी पाटी लावायला जतन विभागाचे साहेब आले होते. त्यांनी पाटीकडे पाहिलं. पाटीवर इतिहास नव्हता, फक्त त्यांचं नाव होतं.

"योग्य वेळी कळवू," ते म्हणाले. टाळ्या पडल्या, माझी कॉलर टाइट. तिथेच मी माती खाल्ली.

कारण साहेबांनी खरंच समिती नेमली. अभ्यासिकेच्या आधी गोदाम निघालं, त्याआधी दवाखाना, त्याआधी तुरुंग. "तुरुंगावर थांबू या, बाकं बदलावी लागणार नाहीत," असं एका सदस्याने सुचवलंही. पण समिती प्रामाणिक होती. तळाशी घोड्यांची पागा सापडली आणि आदेश निघाला: 'वास्तूचा मूळ वापर तातडीने पूर्ववत करावा.' आठवड्यात पुस्तकांच्या कपाटांच्या जागी गव्हाणी बसल्या आणि आम्ही बारा मुली परीक्षेच्या तोंडावर रस्त्यावर आलो.

मी विभागात गेले. "काका, घोडे कुठायत?"

"बारा पदं मंजूर आहेत," कारकून म्हणाले. "भरती रखडलीय."

"तोवर आम्ही बसतो ना!"

"पागेत माणसं? वारशाची काही चाड आहे का तुला?"

"मग आत साहेबांची गाडी कशी?"

"ती अश्वशक्तीत मोजतात. नियमात बसते."

"बरं, घोड्याची पात्रता काय?"

त्यांनी चष्मा चढवला. "सांगतील तिकडे धावणे. आजूबाजूला न पाहणे. विचारल्याशिवाय आवाज न करणे." पान उलटलं. "पायांची संख्या नमूद नाही."

घरी मी सगळं सांगितलं. आई म्हणाली, "मोठ्यांना प्रश्न विचारायची काय गरज होती? काय अडलं होतं तुझं?"

"शेजारची बघ," बाबा म्हणाले. "मान वर केली नाही वर्षभर. पहिली आली."

"म्हणूनच निर्णय घेतलाय," मी कागद टेबलावर ठेवला. "घोड्याच्या पदासाठी अर्ज करतेय. आम्ही बाराही जणी करतोय. अनुभवाच्या रकान्यात लिहिलंय: दहा वर्षं, डोळ्यांना झापडं लावून, रोज शर्यतीत. खाली मालकाची सही लागते. दोघांनीही करा."