फुलमतीबाईंची ओळ

आमच्या विभागाच्या वेबिनारमध्ये कॅप्शन आधी येतात आणि माणसं मागाहून बोलतात. सुरुवातीला साहेबलोक दचकले, मग सवय झाली. आता कोणी तयारी करून येत नाही. पडद्यावर ओळ उमटली की ज्याचं नाव असेल त्यानं ती म्हणायची, म्हणजे पुढची येते. वेबिनार सुरू करून देणं हे माझं काम.

त्या दिवशी विषय होता डोंगरावरची अंगणवाडी. पोरं कमी, म्हणून ती बंद करून त्यांना खालच्या गावात पाठवायचं. मध्ये नदी आहे, पूल नाही. उपायुक्त देशभ्रतार साहेबांनी आपल्या ओळी झकास म्हटल्या. 'नदीचा सहानुभूतीनं विचार केला जाईल' हीसुद्धा. दुभाषी मॅडम डोंगरावरच्या लोकांसाठी प्रत्येक वाक्य कोरकूत सांगत होत्या. मग शेवटची ओळ आली:

'फुलमती बेठेकर, अंगणवाडी सेविका: हो जी, चालते.'

आमच्याकडे प्रत्येक बैठक अशीच संपते. खालच्या माणसानं 'हो जी' म्हटलं की निर्णय झाला, चहा आला.

फुलमतीबाई नुसत्या ओळीकडे बघत राहिल्या.

"बाई, माइक चालू आहे ना?" मी विचारलं.

"हाये."

"मग म्हणा ना."

"नाही म्हणत."

"अहो, लिहून आलंय!"

"ज्यानं लिहिलं त्याले म्हणू द्या. पावसाळ्यात नदीतून पोरं न्यायला तो येते का?"

हे बोलणं कॅप्शनमध्ये नव्हतं, त्यामुळे ते धरलं गेलं नाही. देशभ्रतार साहेब लालबुंद झाले होते, पण त्यांच्या नावाची ओळ नव्हती. बिनओळीचं बोलणं साहेबांना शोभत नाही. ते गप्प बसले. दुभाषी मॅडम कामाला चोख, त्यांनी ती शांतताही कोरकूत करून सांगितली.

मी वरच्या कार्यालयाला विचारलं. उत्तर आलं: शेवटची ओळ म्हटली गेलेली नाही, सबब वेबिनार चालू समजावा आणि कोणी उठू नये.

माझं तर डोकंच फिरलं. एवढ्याशा 'हो जी'साठी काहून अडून बसायचं बाप्पा? आम्ही जन्मभर म्हणत आलो, कोणी मेलं का?

वेबिनार अजून चालू आहे. देशभ्रतार साहेब कॅमेऱ्यासमोरच सेवानिवृत्त झाले. हार मीच घातला. त्यांच्या चौकोनात आता नवे साहेब बसतात आणि तीच ओळ बघतात. निर्णय न झाल्यामुळे अंगणवाडीला धान्य पाठवावं लागतं. फुलमतीबाई फोन खिडकीत टेकवून खिचडी शिजवतात. जुनी पोरं शाळेत गेली, नवी आली.

काल त्यातल्या एका नव्या पोरीनं ताटली पुढे करून एक शब्द काढला. तिचा पहिलाच, असं बाई म्हणाल्या. पडद्यावर तो आधी आला नव्हता. नव्या साहेबांनी मान वर केली. दुभाषी मॅडमनी तो त्यांना मराठीत सांगितला: "अजून."

बाईंनी आणखी एक पळी वाढली.