सखाहरी साळिंदराचं रेटिंग

एका जंगलात, बाळांनो, शेपूट असो वा नसो, प्रत्येक प्राण्याला रेटिंग होतं.

हे रेटिंग आलं कोळीणबाईंमुळे. कोळीणबाईंनी जंगलभर जाळं विणलं आणि त्याची एकेक तार प्रत्येक बिळात, गुहेत आणि ढोलीत सोडली. त्या जाळ्यावर 'गडजिंकी' नावाचा खेळ सुरू झाला. पाच जण या बाजूला, पाच त्या बाजूला. समोरच्यांच्या गडावरचं निशाण पाडायचं. सगळं घरबसल्या, मोबाईलवर. त्यामुळे सशाला वाघाची भीती नाही आणि वाघाला धावायची दगदग नाही. शिकारीला कुणाला वेळच मिळेना, म्हणून हरणंही खूश.

नियम सोपे होते. नव्या भिडूला हजार रेटिंग मिळायचं. जिंकला की वाढायचं, हरला की घटायचं. आपल्याहून भारी संघाला हरवलं तर भरभरून मिळायचं, दुबळ्यांना हरवलं तर चिमूटभर. दुबळ्यांकडून हरलात तर मात्र सपाटून कापलं जायचं.

आपल्याबरोबर कोण आणि समोर कोण, हे कोळीणबाई ठरवायच्या. दोन्ही पारडी सारखी व्हावीत एवढंच त्या बघत. पाचांपैकी कोण गडावर चढलं आणि कोण झुडपामागे बोरं खात बसलं, ते त्या बघत नसत. संघ जिंकला की पाचही शहाणे, हरला की पाचही गाढव. यावर गाढवांनी हरकत घेतली होती. पण त्यांचं रेटिंग कमी असल्यामुळे ती विचारात घेतली गेली नाही.

या जंगलात सखाहरी नावाचा साळिंदर राहायचा. त्याचं रेटिंग अकराशे. कधी थोडं वर जायचं, कधी थोडं खाली यायचं, पण फिरून फिरून अकराशेवरच येऊन बसायचं.

"मी खरा अठराशेचा आहे," तो बायकोला सांगायचा. "भिडू धड मिळत नाहीत, गिरजा. काल एक कासव दिलं. सामना संपला तरी ते गडाच्या पायथ्याशी पोचलं नव्हतं."

"आणि तुम्ही कुठे होतात?" गिरजा विचारायची.

"मी त्याच्यावर ओरडत होतो."

एवढ्यावर भागलं असतं. पण सखाहरीची मुलगी शेवंता लग्नाची झाली. डोंगराखालच्या कातळावरचं एक स्थळ आलं. मुलगा देखणा, काटे सरळ, कंद उकरण्यात पटाईत. शेवंताला तो आवडला. त्यालाही शेवंता आवडली. मुलाच्या वडिलांनी सगळं नीट पाहिलं आणि पाणी पिऊन विचारलं, "आपलं रेटिंग किती?"

"अकराशे," सखाहरी म्हणाला. "पण भिडू—"

"आमच्यात अठराशेच्या खाली सोयरीक होत नाही," ते म्हणाले. "पावसाळ्याआधी जमलं तर कळवा."

त्या दिवशी शेवंता कोपऱ्यात जाऊन काटे मिटून बसली. जेवली नाही. साळिंदर जेवत नाही म्हणजे प्रकरण गंभीर असतं, बाळांनो. सखाहरी उठला. तो तडक कोळीणबाईंकडे गेला.

"बाई, मला चांगले भिडू द्या."

"समोरच्यांनाही तसलेच मिळतात," कोळीणबाई तार ओढता ओढता म्हणाल्या. "कासव आज तुमच्याकडे, उद्या त्यांच्याकडे. एखाद्या सामन्यात नशीब चालतं. पुष्कळ सामने झाले की नशीब दमून बसतं. तुमचे सगळे सामने काढून बघा. त्या सगळ्यांत एकच भिडू कायम आहे."

"मग त्याला काढून टाका," सखाहरी म्हणाला.

कोळीणबाईंनी आठही डोळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं.

"बरं," सखाहरी म्हणाला, "समजा, मी आणखी चांगला खेळायला लागलो. मग?"

"मग रेटिंग वाढेल आणि समोर जास्त तगडे गडी येतील."

"म्हणजे मी हरेन."

"निम्म्या वेळा."

"निम्म्या वेळा तर मी आत्ताही हरतो."

"म्हणजे व्यवस्था उत्तम चालली आहे," कोळीणबाई समाधानाने म्हणाल्या.

सखाहरी इतका संतापला की घरी येऊन त्याने अंग फुलवलं आणि पुढचा पाय आपटला. तो नेमका स्वतःच्याच गळलेल्या काट्यावर. काटा पंज्यातून आरपार. वैद्यांनी पाला बांधला आणि पंजा हलवायचा नाही असं बजावलं.

आता दुसरीच पंचाईत झाली. खेळलं नाही तर रेटिंग आपोआप उतरायचं, उन्हात ठेवलेल्या गुळाच्या ढेपेसारखं. अकराशेचे हजार झाले तर शेवंताला घूससुद्धा विचारणार नाही. गिरजा चुलीपाशी, शेवंता कोपऱ्यात; घरात मोकळ्या पंज्यांच्या होत्या फक्त सासूबाई. त्या नातीच्या बघण्याच्या कार्यक्रमाला आल्या होत्या आणि राहिल्या होत्या.

"सासूबाई, तुम्ही नुसत्या बसा," सखाहरी म्हणाला. "मी मागून सांगतो, तशी बोटं हलवा."

"बरं, जावईबापू," सासूबाई म्हणाल्या.

सासूबाईंना ऐकू जरा कमी यायचं. पण बिळात पिल्लं, दाराशी कोल्हा आणि चुलीवर भाजी, हे सगळं एकटीने सांभाळण्यात त्यांची हयात गेली होती. त्यापुढे गड राखणं म्हणजे दुपारचा विरंगुळा. सखाहरी ओरडला, "डावीकडे". सासूबाई उजवीकडे गेल्या. सखाहरी ओरडला, "थांबा". सासूबाई गडावर चढल्या आणि निशाण पाडून खाली आल्या.

"पाहिलंस, गिरजा?" सखाहरी म्हणाला. "मी डावीकडे म्हणालो, म्हणून शत्रू फसला."

रेटिंग चढू लागलं. समोर भारी संघ यायचे, सासूबाई त्यांना लोळवायच्या, आणि भारी संघाला लोळवलं म्हणून आणखी भरभरून मिळायचं. कासव संघात आलं तर सासूबाई त्याला निशाणापाशी राखणीला बसवायच्या. कासव मुळीच हलायचं नाही, म्हणून तेही जिंकायचं. अकराशेचे पंधराशे झाले, पंधराशेचे अठराशे. मग सखाहरी थेट वाघाच्या पंगतीत जाऊन बसला. पाणवठ्यावर रानगवे त्याला वाट देऊ लागले.

कातळावरचे व्याही कंदांची टोपली घेऊन आले. मुहूर्त ठरला. शेवंता जेवली, आणि चार जणांचं जेवली.

तेवढ्यात कोळीणबाईंनी जाहीर केलं, की लग्नाच्या आदल्या दिवशी जंगलातल्या पहिल्या दहा जणांचा सामना माळावर, सर्वांसमोर होईल.

गिरजाचे काटे उभे राहिले. "अहो, आजारी आहोत म्हणून कळवा. व्याही समोर बसणार."

"कशाला?" सखाहरी म्हणाला. "पंजा बरा झालाय. आणि डोकं पहिल्यापासून माझंच होतं."

माळावर जंगल लोटलं. खेळ सगळ्यांना दिसावा म्हणून कोळीणबाईंनी मोठं जाळं ताणलं. पहिल्या रांगेत व्याही, शेजारी मुलगा, मागे शेवंता डोळे मिटून. सखाहरीच्या संघात वाघ, अस्वल, तरस आणि घोरपड. खेळ सुरू झाला.

कोणी हललं नाही.

सखाहरी वाघाकडे बघत होता. वाघ सखाहरीकडे बघत होता. बऱ्याच वेळाने वाघाने मिशीआडून विचारलं, "साळिंदरराव, पळायचं बटण कोणतं?"

"मला वाटलं, तुम्हाला ठाऊक असेल."

"आमच्याकडे आई खेळते," वाघ म्हणाला.

"आमच्याकडे भाचा," अस्वल पुटपुटलं.

"माझी शेजारीण खेळते," घोरपड म्हणाली. "मी भिंतीला चिकटून बघते."

तरस नुसतंच हसलं. पलीकडे रानगवा आपल्या शेजाऱ्याला विचारत होता, की मोबाईलची वरची बाजू कोणती.

प्रेक्षकांत जाणकार पुष्कळ होते. "ही फार वरच्या दर्जाची खेळी आहे," एक बगळा म्हणाला. "दोन्हीकडे कमालीचा संयम." ससे माना डोलवू लागले.

 सखाहरीने डोळे मिटलेली शेवंता पाहिली, टोपलीवाले व्याही पाहिले आणि जेवढी बटणं होती तेवढी एकदम दाबली. त्याचा गडी भोवऱ्यासारखा गरगरला. गरगरत बुरुजावर गेला, बुरुजावरून कड्यावर, कड्यावरून उडाला आणि थेट समोरच्यांच्या निशाणावर आपटला. निशाण पडलं.

माळ दणाणला. वाघाने सखाहरीला मिठी मारली. लगेच त्याला काटे टोचले, पण लोक बघत होते म्हणून तो हसत राहिला. व्याह्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "अशी उडी मी आयुष्यात पाहिली नाही," ते मुलाला म्हणाले. "शिकून घे."

दुसऱ्या दिवशी लग्न थाटात लागलं. जावई स्वभावानेही सरळ निघाला. शेवंता सासरी रमली.

सासूबाई आहेर घेऊन आपल्या बिळाकडे गेल्या. सखाहरी एकटाच मोबाईल घेऊन बसला. समोर जंगलातले एकाहून एक तगडे संघ. तो हरला. मग आणखी हरला. रेटिंग उतरल्यावर दुबळे संघ आले, त्यांच्याकडूनही हरला, आणि तेव्हा तर सपाटून कापलं गेलं. पुढच्या पावसाळ्याचे पहिले कोंब फुटेपर्यंत तो अकराशेवर आला आणि तिथे आपोआप थांबला. कोळीणबाईंना नवल वाटलं नाही.

व्याह्यांना नवल वाटलं. ते जाब विचारायला निघाले होते. पण त्यांच्या पाठीवर नातवंडं बसली होती, ती उतरेनात. शेवटी ते घोडा होऊन कातळाभोवती फेऱ्या मारत राहिले आणि जाब राहून गेला.

तात्पर्य: खोटं रेटिंग फार काळ टिकत नाही, बाळांनो. लग्न लागेपर्यंत टिकलं तरी पुष्कळ आहे.